खिशातला सतरा नंबर

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आधी बातमी, मग खुशाली. तू सापडलीस!

काल सुट्टी होती म्हणून मी आणि आमच्या खोलीतला सुतार बाजारात गेलो. घ्यायचं काहीच नव्हतं. सहा जणांच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी पाय पसरायलाही पाळी लावावी लागते, म्हणून बाहेर पडलो इतकंच. एका मोठ्या दुकानात पुरुषांचे शर्ट टांगले होते आणि मी सवयीने एकेकाच्या खिशात हात घालत निघालो. अकरा वर्षं झाली, शर्ट दिसला की हात आपोआप खिशात जातो. सुतार म्हणतो, एक दिवस खिसेकापू म्हणून धरतील तुला. तर निळ्या चौकड्यांच्या एका शर्टात बोटाला कागद लागला. काढून पाहतो तर ‘चेकर १७’.

ताई, मी भर दुकानात ओरडलो. विकणारी बाई धावत आली, तिला वाटलं उंदीर निघाला. मी तिला त्यांच्या भाषेत, येते तेवढ्या, सांगितलं की ही माझी बहीण आहे. तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, हा एकच उरलाय, बाकीचे दोन दिवसांत गेले. शर्ट परवडण्यातला नव्हता. चिठ्ठी तेवढी मागून घेतली. आता ती माझ्या वेल्डिंगच्या टोपात, काळ्या काचेच्या वरच्या बाजूला चिकटवली आहे. टोप खाली ओढला की तू कपाळाशी असतेस. तू कापडाला टाके घालणाऱ्यांवर नजर ठेवतेस, मी लोखंडाला टाके घालतो, आता माझ्यावरही तुझीच नजर.

काम जोरात आहे. इमारतीचे तेवीस मजले झाले, अजून सात व्हायचेत. पुढच्या खोलीला शटर बसवलंस का? तीन वर्षांचं सांगून आलो होतो हे मी विसरलेलो नाही. पुढच्या वर्षी नक्की. ग्रिल, दरवाजे, जिन्याचे कठडे, सगळं आपल्याच दुकानात. तू गल्ल्यावर बसायचंस आणि उधारी मागणाऱ्याला हाकलायचंस. ते तुला चांगलं जमतं.

तुझा,
टिल्लू

२ मार्च

चि. टिल्लू,

सहा फूट उंच झालास तरी टिल्लू म्हणून सही करतोस, बरं वाटतं. तेवढी तरी अक्कल शाबूत आहे.

परक्याच्या दुकानात खिशात हात घालत फिरतोस, वर मोठ्या तोंडाने सांगतोस! लहानपणी बाजारात हरवायचास तेव्हाही हेच करायचास, दिसेल त्याच्या पिशवीत डोकावत पुढे पुढे जायचास. किती वेळा बजावलं होतं, हरवलास तर शोधत फिरायचं नाही, आहेस तिथे उभा राहा, मी हाक मारीन. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा आणि मी पंधराची. तुला कडेवर घेऊन पहिल्या दिवशी शिवणखात्यात गेले तर मुकादम म्हणाला, इथे दोघांचा पगार नाही मिळणार. मी म्हटलं, एकाच्या पगारात दोघांचं काम करीन. तेव्हापासून करतेच आहे.

चिठ्ठी टोपात लावलीस हे मात्र मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. बायका हसून हसून बेजार झाल्या. आमच्यासाठी ती चिठ्ठी म्हणजे फास. तिकडून एखादं बटण सैल निघालं म्हणून तक्रार आली की चिठ्ठीवरून चेकर धरतात आणि पगार कापतात. एकोणतीस वर्षांत माझा फक्त दोनदा कापला. तो कागद बघून कुणी आनंदाने ओरडेल असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

शटर बसलं. हिरवा रंग दिलाय. उघडताना अख्ख्या गल्लीला उठवतं. कारखान्यात रोज दोन तास जास्तीचं काम आहे, संध्याकाळी बोटं वळत नाहीत. पण तुझ्या पैशाला मी हात लावत नाही, सगळे दुकानासाठी बाजूला पडतायत. तू ‘पुढच्या वर्षी’ म्हणालास ते पत्र मी नीट जपून ठेवलंय. फिरवायला बघशील तर नाकासमोर धरीन.

तुझी,
ताई

२० सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझा नंबर आता शोधावा लागत नाही! त्याच दुकानाच्या दारात एक भलीमोठी टोपली ठेवलीय, माणूस उभा मावेल एवढी, आणि ती तुमच्या शर्टांनी काठोकाठ भरलीय. तीन घ्या, एकाचे पैसे द्या. मी आणि सुतार तासभर उपसत होतो. एकोणीस सतरा सापडले! मी त्यातलाच निळा घेतला. पलीकडच्या दुकानातही तीच टोपली, त्याच्या पलीकडेही. कारखाना रात्रंदिवस चालवताय वाटतं. तुमचा मालक आता मोटार बदलणार. तू मात्र जरा दमानं घे, एकटीने सगळ्या जगाला शर्ट घालायला निघालीस की काय?

तुझं बरं चाललंय हे असं डोळ्यांनी दिसलं, फार हलकं वाटलं.

इकडे जरा मंदावलंय. वरचे सात मजले तूर्त थांबवलेत. कंपनी म्हणते, ज्याला घरी जायचं असेल त्याने आत्ता सांगावं, विमानाचं तिकीट आम्ही देतो. फोरमनने मला विचारलं. मी म्हटलं, ताईला विचारून सांगतो. सगळे फिदीफिदी हसले, तेहतीस वर्षांचा घोडा आणि ताईला विचारतो!

दुकानाला लागणाऱ्या यंत्रांचे पैसे अजून पुरे झालेले नाहीत, ते मला ठाऊक आहे. तरी विचारतो. ताई, येऊ का? पंधरा ऑक्टोबरच्या आत कळव.

तुझा,
टिल्लू

१ ऑक्टोबर

चि. टिल्लू,

पत्र आजच मिळालं आणि आजच उत्तर टाकतेय, म्हणजे वेळेत पोचेल.

एकोणीस सतरा! हो रे बाबा, इथे काम म्हणजे विचारू नकोस. मुकादमाने आता आमच्या वेळा बदलल्यात, दुपारीच घरी येते, तेव्हा बोटांची काळजी करू नकोस. कटिंग मास्तरने भाजीची हातगाडी घेतलीय. आयुष्यभर बंद खोलीत कापड कापलं, आता मोकळ्या हवेची हौस आली म्हणे. गिऱ्हाइकाला दुधीसुद्धा मापाने कापून देतो.

तुझे पैसे मिळाले. मागच्या दोन महिन्यांत पहिल्यापेक्षा जास्तच येतायत. पगार वाढला आणि मला सांगितलंही नाहीस, लबाडा! आणि म्हणे मंदावलंय. मला बनवायला बघू नकोस, हातात आलेले पैसे मला मोजता येतात.

म्हणून सांगते, आत्ता येऊ नकोस. घरची ओढ लागली असेल, कळतं मला. पण तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी. एवढी अकरा वर्षं काढलीस तिथे अजून एक. यंत्रांचे पैसे पुरे होऊ देत. हात हलवत येऊन बसलास तर इथे काय करशील? आणि माझ्यासाठी म्हणून यायचं असेल तर मुळीच नको. माझं छान चाललंय.

शटरला मी तेल दिलंय. आता आवाज कमी करतं.

तुझी,
ताई

१६ ऑक्टोबर

ताई,

बरं.

फोरमनला नाही म्हणून सांगितलं. माझं तिकीट नळ जोडणाऱ्याला मिळालं. तो फार रडला, आनंदाने.

तू म्हणतेस ते बरोबरच असणार. मी आता दुसऱ्या ठेकेदाराकडे जातोय. टोप कंपनीचा होता, तो परत करावा लागला. त्यातली चिठ्ठी सोडवायला गेलो तर फाटली. असो, टोपलीत खूप आहेत.

टिल्लू

१२ जानेवारी

चि. टिल्लू,

ऑक्टोबरचं तुझं पत्र चार ओळींचं आणि डिसेंबरचं सहा ओळींचं. ओळी सहा, पण पानं दोन! एवढी मोठी अक्षरं? तिकडे कागद स्वस्त झालाय की तुला मी म्हातारी झाले असं वाटायला लागलंय? चष्मा लागलाय मला, पण अजून सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. आणि ओळी अशा उताराला लागल्यासारख्या का? शाळेत तुझं अक्षर बघून मास्तर म्हणायचे, याला ताईने वळण लावलंय. नाव घालवू नकोस.

रागावलायस का? मी येऊ नकोस म्हटलं म्हणून? खरं सांग. रागावला असलास तर रागाचं पत्र लिही, मी वाचीन. पण चार ओळी लिहू नकोस. चार ओळींत मला तू सापडत नाहीस.

पैसे आले. नवीन ठेकेदार बरा आहे ना? जेवतोस ना? थंडी फार असेल तर अंगावर दोन शर्ट घाल, टोपलीतले आहेतच.

ताई

३ मार्च

टिल्लू,

आज टपाल कचेरीत तुझे पैसे घ्यायला गेले. नेहमीचा कारकून रजेवर होता, त्याच्या जागी नवीन मुलगी. तिने पावती भरता भरता सहज म्हटलं, मावशी, तुमच्या भावाचं काम कमी झालंय का? मी म्हटलं, कमी कसलं, वाढलंय. तिने वही माझ्याकडे फिरवली. वर्षापूर्वी तू तिकडचे तीनशे पाठवायचास. ऑगस्टपासून दोनशे. मग दीडशे. या महिन्यात ऐंशी.

मी म्हटलं, पोरी, माझ्या हातात तर पूर्वी सहा हजार पडायचे आणि नंतर सात पडायला लागले. तेव्हा तिने मला समजावलं. आपला पैसा पडला. तिकडच्या एकाला इथे वीस मिळायचे, ते पस्तीस झाले आणि नंतर चाळीस. तू अर्धं पाठवलंस तरी माझ्या हातात सहा हजारच पडत होते. तू उपाशी राहून पाठवत होतास आणि मी तुझा पगार वाढला म्हणून तुला लबाड म्हणत होते.

मी तिथेच बाकावर बसले. मुलीने पाणी आणून दिलं.

आता माझं ऐक. कारखाना ऑगस्टमध्ये बंद पडला. एकोणतीस वर्षं काम केलं आणि एका सकाळी दाराला कुलूप. तिकडची माणसं शर्ट घेईनात, माल तुंबला, पुढच्या ऑर्डरी रद्द झाल्या. तू ज्या टोपल्या बघून खूश झालास ना, ते न खपलेले शर्ट होते रे. त्या टोपल्यांनीच आम्हाला घरी बसवलं. दुपारी घरी येते असं लिहिलं, कारण मी सकाळी कुठे जातच नव्हते. मास्तरला मोकळ्या हवेची हौस नव्हती, त्याला दोन मुली आहेत. दुकानाचे म्हणून ठेवलेले तुझे पैसेही मी खाल्ले, सहा महिने त्याच्यावर जगतेय.

तू ‘येऊ का’ विचारलंस त्या दिवशी मी ते पत्र पाच वेळा वाचलं. आधी ‘ये’ असंच लिहिलं होतं. मग वाटलं, हा इथे येऊन काय बघणार? अख्खी गल्ली ओट्यावर बसलेली. तिकडे याचा पगार वाढतोय आणि मी याला या दुष्काळात ओढू? ते पान फाडलं आणि दुसरं लिहिलं. एकाच दोरीला लोंबकळत होतो आपण दोघं. तिकडे इमारती थांबल्या त्याच दमात शर्ट थांबले. आणि मी मूर्ख तुला सांगतेय, धरून ठेव!

ये. हातात काही नसेल तर नसू दे. लगेच ये.

ताई

२६ मार्च

आदरणीय ताई यांस,

मी टिल्लूच्या खोलीतला सुतार. अक्षर माझं आहे. तो सांगतोय तसं लिहितो आहे.

“ताई, तुझं पत्र सुताराने वाचून दाखवलं. तो मध्ये दोनदा थांबला म्हणून मला कळलं, तू रडत लिहिलंयस. रडू नकोस. मी रागावलो नव्हतो. थोडा रागावलो होतो. मला वाटलं होतं, तुझं आता माझ्यावाचून चालतं. चालायला हवंच, पण वाईट वाटलं. पैसे कमी केले तेव्हा तू विचारशील असं वाटलं होतं. विचारलं नाहीस, म्हटलं, कारखाना जोरात आहे, हिला कळलंसुद्धा नाही.

“कंपनीने काम थांबवलं तेव्हा ऑगस्ट होता. तुला मंदावलंय म्हणून लिहिलं, पण मी तेव्हा महिनाभर बसूनच होतो. नंतर रोजाने मिळेल ते काम केलं. रोजंदारीवाल्यांना टोप मिळत नाही. चौघांत एक हातात धरायची काच, तीही तडकलेली. पाळी नसली की डोळे मिटून टाका मारायचा. सगळेच मारतात. डिसेंबरमध्ये डाव्या डोळ्यात ठिणगी गेली. दवाखान्यात जायला कागद लागतात आणि कंपनी सुटली तेव्हा कागदही सुटले. मी पाण्याने धूत राहिलो. तो गेला. मग उजवाही सुजला. आता उजव्याला खिडकी कुठे आहे एवढं कळतं. माणूस आहे हे कळतं, कोण आहे ते नाही.

“अक्षर मोठं काढत होतो ते मला दिसावं म्हणून. तुला चेष्टा सुचली, बरं झालं. मला वाटत होतं तू ओळखशील.

“खोलीतल्या सगळ्यांनी मिळून तिकिटाचे पैसे जमवलेत. मी नको म्हणत होतो. ताई, वेल्डिंगवाल्याचे डोळे गेले म्हणजे त्याच्याकडे काय राहिलं? आता दुकान होणार नाही. महिन्याच्या महिन्याला तुला काही मिळणार नाही. उलट तुलाच मला वाढून द्यावं लागेल, चार वर्षांचा होतो तसं. तुझ्याकडेही काम नाही. म्हणून पुन्हा विचारतो, आणि या वेळी खरं सांग. येऊ का?”

ताई, यापुढचं माझ्या मनाचं. ठिणगी गेली त्या दिवशी काम टाळता आलं असतं. बाकीचे आम्ही वाऱ्यामुळे परतलो. तुमचे पैसे पाठवायची तारीख होती म्हणून हा थांबला. हे लिहू नकोस म्हणाला होता. मी लिहिलं. माफ करा.

९ एप्रिल

सुतारदादा, हे त्याला सावकाश वाचून दाखवा. आणि मध्ये थांबू नका.

टिल्लू,

ये.

ऑक्टोबरमध्ये लिहायचा होता तो शब्द आज लिहिला. सहा महिने उशीर झाला आणि त्यात तुझे डोळे गेले. माझं समाधान करायला बसू नकोस, तुझी काही चूक नाही वगैरे म्हणू नकोस. शेकडो शर्टांतून एक सैल बटण पकडणारी बाई मी. माझ्या भावाचं अक्षर मोठं होत गेलं आणि मला त्यातला दोष दिसला नाही. मी विनोद केला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि मला विसरायचंही नाही.

वाढून द्यावं लागेल म्हणतोस. मग? एकाच्या पगारात दोघांचं काम करीन म्हणाले होते, आता बिनपगारात करीन. पुढच्या खोलीत मी शिवणयंत्र टाकलंय. जुने कपडे उसवून, उलटे करून पुन्हा शिवून देते. नवं कुणी घेत नाही, त्यामुळे जुन्याला बरकत आहे. तुझी खुर्ची दारापाशी ठेवणार आहे. शटर वर-खाली करायचं काम तुझं, मला आता तेवढा जोर लावता येत नाही. गिऱ्हाइकाशी बोलायचंही तूच. उधारीवाल्यांना मी बघीन.

सोबत एक शर्ट पाठवतेय. कारखान्याच्या कापडाचा एक तुकडा माझ्याकडे उरला होता, त्याचा शिवला. प्रवासात हाच घाल. खिशात चिठ्ठी आहे. नंबर शाईने लिहिलेला नाही. दोरा न ओवता यंत्राची सुई कागदावरून चालवली आहे, म्हणजे भोकं बोटाला लागतील. मी डोळे मिटून स्वतः लावून पाहिलं. एक आणि सात, दोन्ही कळतात.

विमानातून उतरवून तुला कुणीतरी बाहेरच्या दारापर्यंत आणील. तिथे फार गर्दी असेल, सगळे आपापल्या माणसाला शोधत असतील. तू घाबरून पुढे जाऊ नकोस. खिशात हात घाल आणि आहेस तिथे उभा राहा. शोधत फिरायचं नाही.

मी हाक मारीन.

ताई